पाच कोटी घ्या, पण त्यातले पंधरा लाख चुकायला ठेवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ४८ वर्षांचे, ऐरोलीला राहता, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहात, घराचा ३१ हजारांचा हप्ता अजून दोन वर्षं आहे, मुलगी बारावीला. शनिवारी मित्रांमध्ये विषय निघाला की उद्या सकाळी खात्यात ५ कोटी आले किंवा उद्या सकाळी पुन्हा २० वर्षांचे होऊन उठलात, दोन्हीतलं एकच, तर काय घ्याल. सगळे म्हणाले पैसे. तुम्ही एकटे म्हणालात २० वय, कारण तेव्हा मित्राबरोबर कळव्याला बाईकचं गॅरेज टाकायचं ठरलं होतं आणि ते राहून गेलं. हे घरी येऊन हसत हसत सांगितलंत आणि वहिनी दोन दिवस धड बोलल्या नाहीत. आता तुम्ही विचारताय की हिशोबाने बघितलं तर बरोबर कोण.

उत्तर आधीच देऊन टाकते, पैसे घ्या. पण तुमच्या मित्रांनी ज्या कारणाने पैसे म्हटलं त्या कारणाने नाही. आणि तुम्हाला २० वय हवंसं वाटलं त्यामागे जे आहे ते मला अगदी खरं वाटतं, त्याला कुणी हसू नये असं वाटतं, म्हणून एवढं लांब लिहायला बसलेय.

मी ठाण्याच्या नौपाड्यात गेली २६ वर्षं लोकांच्या पैशाचं नियोजन करते. सुरुवात विमा एजंट म्हणून, मग म्युच्युअल फंड, २०१३ मध्ये सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, गुंतवणूक सल्लागारांसाठीचे नियम आले त्यानंतर परीक्षा देऊन नोंदणी. या काळात पगारातून हळूहळू साठवणारे हजारो बघितले, पण एकदम मोठी रक्कम हातात आलेली माणसंही खूप बघितली, कारण ठाणे आणि नवी मुंबई हा भागच तसा आहे. इथे कुणाची कंपनी बंद पडून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे पैसे, मिळालेली, कुणाच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट, कुणाची जमीन गेली, कुणाचा माणूस गेला आणि विम्याचे पैसे आले. लॉटरी लागलेला माझ्याकडे आजवर एकच आला. बाकीच्यांना पैसे आले ते काहीतरी गमावून आले, आणि हे लक्षात ठेवायला हवं कारण मित्रांच्या प्रश्नातले ५ कोटी आकाशातून पडतात, खऱ्या आयुष्यात ते क्वचितच तसे पडतात.

आधी एक फिरणारी गोष्ट बाजूला काढू. लॉटरी लागलेल्यांपैकी ७० टक्के लोक काही वर्षांत कंगाल होतात असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो आकडा अमेरिकेतल्या नॅशनल एन्डॉवमेंट फॉर फायनान्शियल एज्युकेशन या संस्थेच्या नावावर खपवला जातो, पण हा आमच्या संशोधनातला आकडा नाही असं त्या संस्थेनेच २०१८ मध्ये जाहीर सांगितलंय. दुसरं उदाहरण देतात ते १९७८ च्या अमेरिकन अभ्यासाचं, की लॉटरी जिंकलेले इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते, पण त्यात जिंकलेले लोक होते फक्त २२. त्यामानाने स्वीडनमध्ये लॉटरीवाल्यांच्या खूप मोठ्या गटाचा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, त्यात मोठं बक्षीस मिळालेले लोक दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. रोजच्या मूडमध्ये फरक कमी, पण एकंदर आयुष्य कसं चाललंय या प्रश्नाला उत्तर बरं. म्हणजे पैशाने माणूस बिघडतोच हे आपण स्वतःच्या समजुतीसाठी बोलतो, तसं काही नसतं.

मग बिघडतं ते कुठे? ते मला एका माणसाने शिकवलं. २००२ ची गोष्ट, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून व्हीआरएस घेतलेले गृहस्थ, वय ४६, हातात ९ लाख. माझ्याकडे आले तोवर चाळीस दिवस झाले होते आणि ३ लाख मेहुण्याला गेले होते, ४ लाख वर्षाला २४ टक्के देतो म्हणणाऱ्या एका स्कीममध्ये. चौदा महिने चेक आले मग बंद. ते चिडले नाहीत, रडले नाहीत, मला म्हणाले, ताई, पगार होता तेव्हा पण मी चुकायचो, पण चुकलो तरी पुढच्या एक तारखेला पुसलं जायचं, आता एक तारीखच येत नाही.

हे वाक्य मी विसरले नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते ह्याच वाक्यात आहे.

तुम्ही २० चे होतात तेव्हा १९९७-९८ असणार. तेव्हा तुमच्या घरात एक तारीख यायची ना? ती कुणाची होती? वडिलांची. तुमचा डिप्लोमाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला, वर्ष गेलं, वाशीला क्लास लावायला लागला, त्याची फी कुणी भरली, घरी जेवायला कोण घालत होतं. तारुण्याला जे आपण स्वातंत्र्य म्हणतो ना, ते मला या कामातून असं दिसलंय की ते म्हणजे चुकायची मुभा, आणि ती मुभा असते कारण एक तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर असते. केस, गुडघे, ताकद हे सगळं आहेच, पण माझ्याकडे येऊन जे लोक म्हणतात की मला परत तरुण व्हायचंय त्यांच्याशी अर्धा तास बोललं की गुडघ्यावर कुणीच थांबत नाही. कुणाला नाटक करायचं होतं, कुणाला शेती, कुणाला नुसतं एक वर्ष काही न करता हिंडायचं होतं. त्या सगळ्यांना एक वेळ चुकून बघायचं होतं आणि तेवढ्यात त्यांच्या घरातली एक तारीख त्यांच्यावर आली, वडील रिटायर झाले किंवा आजारी पडले किंवा बहिणीचं लग्न निघालं. तुमचंही तसंच झालं असणार, तुम्ही लिहिलं नाहीये पण अप्रेंटिसशिपचं लेटर आलं आणि गॅरेज राहिलं एवढंच लिहिलंय, त्यावरून कळतं.

आता पैशाचा हिशोब. ५ कोटी हा आकडा ऐकून तुमचे मित्र उड्या मारतायत पण ते कुठून आले यावर पुढचं सगळं ठरतं. लॉटरीचे असतील तर ३० टक्के कर, त्यावर कराच्या नव्या पद्धतीत या रकमेला २५ टक्के सरचार्ज, त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३९ टक्के होतात आणि खर्च म्हणून काहीही वजा करता येत नाही. १ कोटी ९५ लाख तिथेच गेले, राहिले ३ कोटी ५ लाख. वारसाहक्काने आले तर मिळताना कर नाही, आपल्याकडे १९८५ मध्येच तो इस्टेट ड्युटीचा प्रकार बंद झाला, पुढे विकताना नफ्यावर लागतो तेवढाच. मित्राने प्रेमाने दिले असं दाखवायला गेलात तर नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांच्या वर आलेली रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात. धरून चालू लॉटरीच.

साधारण ७ लाखांत घराचं उरलेलं कर्ज फिटेल, फेडून टाका, ते व्याजाच्या गणितात बसतं की नाही हे मी बघत बसणार नाही, त्याने झोप लागते. राहिले जवळपास ३ कोटी. ते नीट वाटून ठेवले, थोडे बँकेत, थोडे सरकारी रोख्यात, निम्मे इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर तसेच्या तसे घेणाऱ्या फंडात, आणि पहिल्या वर्षी त्याच्या ३ टक्के काढले आणि दरवर्षी महागाईइतके वाढवत गेलात, तर होतात वर्षाला साधारण ९ लाख, महिन्याला ७५ हजारांच्या आसपास. ३ टक्केच का, तर तुम्हाला अजून चाळीस वर्षं पुरवायचेत आणि मध्ये बाजार पडणारच, एकदा नाही, दोन-चार वेळा. बघा, ५ कोटी म्हटल्यावर जो बंगला आणि परदेशवाऱ्या डोळ्यासमोर येतात ते यात नाही. पण एक तारीख मात्र आहे. दर महिन्याला येणारी, कंपनीवर अवलंबून नसलेली. जी १९९७ मध्ये वडिलांनी तुम्हाला दिली होती तीच वस्तू आहे ही, फक्त यावेळी ती तुम्हाला विकत मिळतेय.

म्हणून मी पैसे घ्या म्हणते. तुम्हाला २० वयातून जे हवंय ते या पैशात येतं, उलट मात्र होत नाही.

उलट का नाही ते सांगते. तुमचा एखादा हुशार मित्र म्हणेल २० वय घे, चक्रवाढीला वेळ मिळेल. खरंय ते. महिन्याला ५ हजार, वर्षाला १२ टक्के धरले तर २० वर्षांत साधारण ५० लाख होतात आणि ४० वर्षांत ५ कोटी ९० लाखांच्या पुढे जातात, वेळ दुप्पट आणि पैसे बारा पट. पण महागाई ६ टक्के धरली तर ४० वर्षांनंतरच्या त्या रकमेत आजच्या ५७-५८ लाखांइतकीच वस्तू येईल, हे कुणी सांगत नाही आणि १२ टक्क्यांची हमी तर कुणाच्याच हातात नाही. आणि १९९८ मध्ये तुम्ही महिन्याला ५ हजार कुठून टाकणार होतात, अप्रेंटिसला किती मिळायचे ते तुम्हालाच माहीत. तेव्हा सुरक्षित म्हणून अख्खा मध्यमवर्ग युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ या योजनेत पैसे ठेवायचा आणि जुलै २००१ मध्ये त्याची खरेदी-विक्री सहा महिने थांबवायला लागली.

मित्र म्हणेल आत्ताची अक्कल घेऊन जायचं. सेन्सेक्स तेव्हा ३-४ हजारांत होता, नंतर तो ८० हजार ओलांडून गेलाय, खारघरला तेव्हा काय भाव होता, उलव्याला तर कुणी बघत नव्हतं. ठीक आहे. पण जरा विचार करा, ४८ वर्षांची अक्कल घेऊन २० व्या वर्षात गेलेला माणूस चुकणारच नाही. त्याला सगळं माहीत आहे, तो एम-थ्रीचा अभ्यास करून पहिल्याच फटक्यात पास होणार. आणि तो पास झाला तर वाशीच्या त्या क्लासला जाणार नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की वहिनी तुम्हाला त्या क्लासमध्ये भेटल्या.

वहिनी गप्प का आहेत हे मला तरी कळलं. तुम्ही गॅरेज म्हणालात, त्यांनी ऐकलं ते मी आणि मुलगी सोडून बाकी सगळं. त्यांना हे समजावून सांगू नका की तो नुसता खेळ होता. ते त्यांनाही माहीत आहे.

अक्कल न घेता गेलात तर मग प्रश्नच मिटला, तेच वडील, तेच लेटर, तीच नोकरी, पुन्हा तेच सगळं होईल.

आता एक उलट उदाहरण, म्हणजे पैशाने चुकायची मुभा कशी मिळते ते. उरणकडचं एक कुटुंब आहे माझ्याकडे, साडेबारा टक्क्यांवालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवी मुंबई वसवायला ९५ गावांची जमीन गेली, भातशेती, मिठागरं, आणि जो भाव मिळत होता त्यावरून १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, त्या लढ्यातून पुढे, जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. या लोकांच्या गळ्यातल्या सोन्यावरून आणि दारातल्या स्कॉर्पिओवरून शहरातली माणसं बोलतात तेव्हा मला खरंच राग येतो. ज्याचं पिढ्यांचं काम एका सहीने गेलं त्याला त्या बदल्यात आलेले पैसे कसे वापरायचे हे कुणी शिकवलं होतं?

तर या घरातले वडील मिठागरावर काम केलेले, शिक्षण चौथी. प्लॉटचा बिल्डरशी करार झाला, पैसे आणि फ्लॅट आले, घरात तीन मुलं, रोज कुणीतरी एजंट दारात. बाबांनी एकच गोष्ट केली, भाड्याने द्यायचे चार फ्लॅट स्वतःच्या आणि आईच्या नावावर ठेवले आणि सांगितलं की याला हात लावायचा नाही, बाकी काय करायचं ते करा. धाकट्याने ट्रेलर घेतले, जेएनपीटी म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनरच्या कामाला लावले, दोन वर्षांत सगळं बुडालं. ट्रेलर बँकेने नेले. पण घरात भाडं येत होतं, चूल चालू होती, भावांनी शिव्या दिल्या आणि विषय संपला. त्याच धाकट्याचं आज कस्टम क्लिअरिंगचं चांगलं ऑफिस आहे, कारण ट्रेलर बुडवताना तो पोर्टवरचा एकेक कागद शिकला. वय तेव्हा ४१ होतं त्याचं, २० नाही.

मी नंतर खूप घरांना हेच सांगितलं. रक्कम आली की आधी एक तारीख तयार करा, आणि मग एक छोटा हिस्सा मुद्दाम चुकायला बाजूला काढा, तो बुडाला तरी कुणी कुणाला बोलायचं नाही असं घरात सगळ्यांसमोर ठरवून. हा दुसरा भाग लोक करत नाहीत. सगळीच्या सगळी रक्कम सुरक्षित ठेवतात आणि मग एक दिवस घुसमटून अर्धी रक्कम कुठेतरी टाकून मोकळे होतात. त्या ९ लाखवाल्या गृहस्थांनी तर ना एक तारीख तयार केली, ना चुकायचा हिस्सा वेगळा काढला.

आणि घाई नको. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नवरा अचानक गेला, विम्याचे बरेच पैसे आले, दीर, भाऊ, बँकेचा माणूस सगळे मागे लागलेले. त्यांनी सहा महिने काहीच केलं नाही, तीन-चार बँकांत एफडी करून ठेवल्या बस. एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या ठेवी मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो, २०२० पासून, त्याआधी तर १ लाखच होता, म्हणून सगळं एकाच पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत ठेवू नका एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. पतसंस्थेला तर तो विमा लागूच नाही. सहा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा स्वतःचे प्रश्न स्वतःच लिहून आणले होते. माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या निर्णयांपैकी तो एक होता आणि तो माझा नव्हता.

आता तुमच्या गॅरेजकडे येऊ, मला त्याबद्दलच जास्त बोलायचंय. गॅरेजला ५ कोटी लागत नाहीत. गाळ्याचं डिपॉझिट, दोन लिफ्ट, कॉम्प्रेसर, हत्यारं, एक चांगला मेकॅनिक आणि सहा महिने धंदा नाही आला तरी भाडं-पगार निघेल एवढे पैसे, मी १५ लाख धरलेत, तुमचा मित्र नेमकं सांगेल कारण तो अजून कळव्यालाच आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ५ कोटींच्या त्या स्वप्नातून तुमच्या कामाचे होते ते १५ लाख, बाकीची रक्कम फक्त एक तारीख देण्यासाठी होती. आणि एक तारीख तर तुमच्याकडे आज आहे. हप्ता संपला की ३१ हजार मोकळे होतात, तेच बाजूला टाकत गेलात तर व्याज न धरता चार वर्षांत जवळपास १५ लाख. मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात धरू नका, ते वेगळे, त्याला हात लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल तोवर मी ५४ चा होईन, तेव्हा काय गॅरेज. इथे मला तुमच्याशी वाद घालायचाय. २० व्या वर्षी तुम्ही कार्ब्युरेटर साफ करणारं गॅरेज टाकलं असतंत, चांगलंच टाकलं असतंत. पण एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे कडक नियम आले, आता साध्या शंभर सीसीच्या गाडीलाही फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो, आणि त्यात इलेक्ट्रिक स्कूटरी वाढतायत. गल्लीतल्या जुन्या मेकॅनिकांना तेच जड जातंय, हात चांगला आहे पण सेन्सर काय सांगतोय ते कळत नाही. तुम्ही २५ वर्षं काय केलंत? सेन्सर, सिग्नल, कॅलिब्रेशन. २० वर्षांच्या तुम्हाला यातलं काहीच येत नव्हतं. ज्या वर्षांना तुम्ही वाया गेलेली म्हणताय त्या वर्षांनी तुम्हाला आजच्या गॅरेजचं काम शिकवलंय, त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर ती परत देऊन टाकली नसती.

नोकरी सोडू नका. वहिनींना आज सांगा की गॅरेज बुडवायला किती पैसे ठेवायचे ते आपण दोघांनी मिळून ठरवू, आकडा त्यांना बोलू द्या, आणि तो १५ च्या जागी ६ निघाला तर ६ मध्ये जे होईल ते करा, मित्राच्या गॅरेजमध्ये एक कोपरा आणि एक स्कॅनर एवढ्यातही सुरुवात होते. रविवारी दोघं दिघ्यावरून कळव्याला जाऊन या, जवळ तर आहे. मित्राला तीन गोष्टी विचारून या, डिपॉझिट किती द्यावं लागेल, पावसाळ्यातल्या सगळ्यात मंद महिन्यात त्याच्याकडे किती गाड्या आल्या, आणि इंजेक्शनच्या गाड्या तो सध्या कुणाकडे पाठवतो. तिसऱ्याचं उत्तर आलं की मला कळवा, मग पुढचा हिशोब बसून करू.